मगदूम मॅडमचे नऊ मासे

डॉ. सुमती मगदूम यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात उभ्या असताना. उंब्रजच्या पुढे आमचे रान आहे आणि रानाच्या कडेने ओढा जातो. मी तेव्हा बी.एस्सी.ची परीक्षा देऊन घरी आले होते. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. रानात कोणी अनोळखी दिसले की त्यांच्यातला पहारेकरी जागा होई. त्या दिवशी पातळ वर खोचलेल्या, चाळिशी उलटलेल्या एक बाई ओढ्यात वाकून उभ्या होत्या आणि काठावर त्यांच्या सांगलीच्या महाविद्यालयातल्या तीन-चार मुली मच्छरदाणीचे तुकडे धरून होत्या. वडील बांधावरूनच ओरडले, "आवं बाई, काय पडलं काय वढ्यात? कुड्या-बिड्या?"

"काय पडलं न्हाई. मासे धरालोय," मॅडम वर न बघताच म्हणाल्या.

वडील खाली उतरले. काठावरच्या बरणीत बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळ्या रेघा असलेले मासे फिरत होते. "ह्ये? ह्येची आमटी बी व्हायची न्हाई."

"आमी जैन हाय, दादा. आमी खात न्हाई."

"मग धरताय कशाला?"

"बघायला."

सुभेदारांना हे उत्तर पटले नाही, पण बाई वेडी असली तरी पाहुणी आहे एवढे त्यांनी मान्य केले आणि सगळ्यांना चहाला घरी आणले. चहा पिताना मॅडमनी मला सांगितले की या माशाचे पिल्लू अंड्यात असताना काचेसारखे आरपार असते, आणि त्याच्या अंगातून रक्त वाहताना नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मी विचारले, "खरंच वाहताना दिसतं?" त्या म्हणाल्या, "सांगलीला ये, दाखवते." त्याच वर्षी मी सांगलीला एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. आयुष्यातले इतके मोठे निर्णय माणसे किती थोड्या शब्दांवर घेतात, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी मॅडमचे काम थोडक्यात सांगते. या पट्टेरी माशाला जगभर झेब्राफिश म्हणतात. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत त्याच्यावर काम चालते, आणि तो मूळचा आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांतला आहे हे आपल्याच लोकांना ठाऊक नसते. अंडे फलित झाल्यापासून एका दिवसात पिल्लाचे हृदय ठोके देऊ लागते. आधी पाठीच्या कण्याखालून एक मोठी रक्तवाहिनी तयार होते. मग उसाच्या प्रत्येक कांड्याला डोळा फुटावा तसे त्या वाहिनीला ठरावीक अंतरावर कोंब फुटतात, ते वर चढतात, पाठीपाशी एकमेकांना मिळतात आणि त्यांतून रक्त धावू लागते. हा कोंब कुणाच्या सांगण्यावरून फुटतो, किती वर जायचे हे त्याला कसे कळते, आणि वाट अडली तर तो काय करतो, हे तीन प्रश्न मॅडमनी आयुष्यभर विचारले.

आमच्या ओढ्यातल्या माशांच्या एका कुळात त्यांना एक दोष सापडला. त्या कुळातल्या काही जोड्यांच्या पिल्लांत दर चारांमागे एका पिल्लाचे कोंब अर्ध्यावरच थांबत. ती पिल्ले दुसऱ्या आठवड्यात मरत. पण मरण्यापूर्वी, चौथ्या दिवशी, त्यांच्यातल्या काहींत एक विलक्षण गोष्ट घडे: थांबलेल्या कोंबाच्या शेजारून दुसरा कोंब आडवा निघे आणि अडलेल्या जागेला वळसा घालून वर पोचायची धडपड करी. मॅडमच्या भाषेत 'आडवाट'. ही आडवाट कोण दाखवते हे कळले, तर तुंबलेल्या हृदयापासून न भरणाऱ्या जखमेपर्यंत किती ठिकाणी त्याचा उपयोग होईल, हे सांगायला नको. मॅडमनी त्या चौथ्या दिवसावर वीस वर्षे काढली.

पहिला शोधनिबंध बाहेर पाठवला तेव्हा परीक्षकांनी उलट कळवले, की हा प्रकार बहुधा पाण्याच्या खराब प्रतीमुळे झाला असावा. मला भयंकर राग आला होता. आमच्या गावाच्या पाण्याला नाक मुरडल्यासारखे ते लिहिले होते. मॅडम मात्र म्हणाल्या, "विचारलंय ते बरोबरच हाय की. पाण्यानं होत नाही हे आपण कुठं दाखवलंय?" आणि सगळे प्रयोग पहिल्यापासून, चार वेगवेगळ्या पाण्यांत, त्यांनी पुन्हा लावले. त्यात पूर्ण वर्ष गेले. निबंध अखेर एका लहानशा नियतकालिकात आला. तो किती जणांनी वाचला ते मी इथे लिहीत नाही, कारण मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात हुंदके शोभत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपल्या देशात सभागृहे मिळतात. पाण्यात उतरणाऱ्या मॅडमना अखेरपर्यंत जिन्याखालची एक खोली मिळाली.

त्या खोलीचे काही नियम होते. प्रत्येक टाकीवर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी असे आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने त्या माशांचे कूळ, पिढी, तारीख. जाळे एका टाकीतून काढून दुसऱ्या टाकीत बुडवायचे नाही. मासा हातात घेण्याआधी चिठ्ठी मोठ्याने वाचायची. कोणी नसले तरी मोठ्यानेच. बाहेरून जाणाऱ्यांना वाटे, आत पूजा चालली आहे.

आणि एक नियम फक्त मॅडमनी स्वतःपुरता केला होता. प्रयोगासाठी पिल्ले मारावी लागत, ते काम त्या कधीही विद्यार्थ्यावर टाकत नसत. बर्फाच्या पाण्यात ती बधिर करून स्वतःच्या हाताने ते काम उरकत. त्यांचे माहेर मिरजेजवळच्या एका गावातले, ऊस-हळदीची शेती असलेले. थोरल्या भावाने एकदा आम्हा विद्यार्थ्यांसमोरच विचारले होते, "सुमे, जीव मारायचंच शिक्षण घेतलंस व्हय गं?" भाद्रपदात दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी त्या देवळातून थेट माशांच्या खोलीत येत, प्रत्येक टाकीसमोर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत आणि मग आमच्याकडे वळत. वर्षभरात ज्याला ज्याला बोलल्या असतील त्याचे नाव घेऊन त्या क्षमा मागत.

माझ्यावर ती पाळी पहिल्याच वर्षी आली. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, त्यामुळे दर दोन तासांनी पिल्लातल्या रक्तवाहिन्या पेन्सिलीने काढाव्या लागत. सहा आठवड्यांची माझी चित्रे मॅडमनी एका सकाळी चाळली आणि फाडून टाकली. माझा दोष असा, की दोन-तीन ठिकाणी वाहिनी मला दिसली नव्हती, पण पुस्तकात होती म्हणून मी ती काढली होती. त्यांनी ते नेमके ओळखले. क्षमावाणीला त्यांनी सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले: "विजया, मी तुझी चित्रं रागानं फाडली. उत्तम क्षमा." मला रडू कोसळले. मग त्याच म्हणाल्या, "आता जा आणि परत काढ. मी क्षमा मागितली म्हणून चित्रं बरोबर होत नाहीत." मी सहा आठवडे पुन्हा बसले.

मॅडमच्या आपुलकीबद्दल प्रत्येकाकडे काही ना काही सांगण्यासारखे असेल. माझ्याकडचे हे. वडिलांच्या छातीत दुखू लागले, तपासणी झाली आणि हृदयाची एक वाहिनी पूर्ण बंद असल्याचे निघाले. डॉक्टर म्हणाले, शेजारच्या बारीक वाहिन्यांनी आपोआप रस्ता काढलाय, म्हणून हे अजून चालते-फिरते आहेत. वडील घाबरून गेले होते. फौजेत गोळ्यांना न भिणारा माणूस तपासणीच्या कागदावरच्या त्या एका ओळीला भ्याला. मॅडम सांगलीहून एस.टी.ने उंब्रजला आल्या, लग्नपत्रिकेच्या पाठीवर हृदय काढून त्यांनी वडिलांना कुठे काय अडलंय आणि रक्ताने आडवाट कशी शोधलीय ते समजावून दिले. वडिलांनी ती पत्रिका फ्रेम करून भिंतीला लावली आणि येईल त्याला सांगत राहिले, "माज्या काळजात मॅडमचा मासा हाय, कळलं का?" त्यानंतर ते अकरा वर्षे जगले.

इथपर्यंत लेख मी ठरल्याप्रमाणे लिहिला. गौरवग्रंथाच्या समितीने लेख मागवणाऱ्या पत्रात माझा उल्लेख 'मॅडमच्या ज्येष्ठ व विश्वासू शिष्या' असा केला आहे. ज्येष्ठ हे खरे, मॅडमकडे पीएच.डी. करणारी मी पहिलीच. दुसऱ्या विशेषणावर मात्र मी सही करू शकत नाही, आणि ते का, हे मॅडमना मानणाऱ्या सगळ्यांना कळले पाहिजे.

निवृत्तीनंतरही मॅडम रोज त्या जिन्याखालच्या खोलीत येत होत्या. हळूहळू विद्यार्थी येईनासे झाले. माशांच्या रक्तवाहिन्यांवर आयुष्य घालवून काय मिळते हे आमच्याकडे बघूनच त्यांना कळले असावे. गेल्या वर्षी महाविद्यालयाला ती खोली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेसाठी हवी झाली. कोणी दुष्टपणा केला नाही. हार आणला, पेढे वाटले आणि महिनाअखेर खोली मोकळी करायला सांगितले. त्याच सुमारास मॅडमच्या डोळ्यांचे दुखणे बळावले. नेत्रपटलाखाली नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात आणि मधोमधचे दिसणे जाते. त्यावर डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागतात. मिरजेला पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मी सोबत होते. औषध कसे काम करते हे तरुण डॉक्टर सांगू लागले, तर मॅडमनीच त्यांना वाहिनीचा कोंब कसा फुटतो ते समजावून दिले. बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "विजया, मला आता समोरच्याचं तोंड दिसत नाही गं. कान तेवढे दिसतात."

त्यांनी मासे माझ्याकडे दिले. मी साताऱ्यात ज्या महाविद्यालयात शिकवते तिथे प्रयोगशाळेमागे एक छोटी खोली मिळाली. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, गाडीत मांडीवर धरून मासे आणले. बरेचसे वाटेत आणि पहिल्या आठवड्यात गेले. शेवटी दोष वाहणारे नऊ मासे उरले. एका टाकीत ते नऊ आणि शेजारच्या टाकीत त्यांचीच साठ-बासष्ट निरोगी भावंडे. दोन्ही टाक्यांतले मासे दिसायला हुबेहूब सारखे. दोष वाहणारा मासा स्वतः धडधाकट असतो. तो वाहतो आहे हे कळायचे तर तसल्याच दुसऱ्या माशाशी त्याची जोडी लावून पिल्ले सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. हा दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते शोधून काढले असते, तर शेपटीच्या चिमूटभर तुकड्यावरून मासा ओळखता आला असता. ते शोधायचे काम मॅडमनी माझ्याकडे सोपवले होते. मी ते विभागप्रमुखपदाच्या, मूल्यांकनाच्या आणि कसल्या कसल्या अहवालांच्या मागे दरवर्षी पुढे ढकलत राहिले.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात साताऱ्यात कडाका पडला होता. सकाळी खोली उघडली तर त्या नऊ माशांच्या टाकीतला हीटर बंद पडलेला. या माशांना कोमट पाणी लागते. पाणी गार आणि नऊच्या नऊ तळाशी, कल्ले हलत होते एवढेच. मी जाळे घेतले, नऊही मासे उचलले आणि शेजारच्या कोमट टाकीत सोडले. पाचेक मिनिटांत ते हलू लागले, मग पोहू लागले, मग बाकीच्यांत मिसळले. मी हुश्श केले. बाहेर जाऊन सहकाऱ्यांना सांगितले की थोडक्यात वाचले. चहासुद्धा प्याले. अकराच्या तासाला वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हातातला खडू थांबला, कारण तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काय केले आहे.

खोलीत परत आले. रिकाम्या टाकीवर मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी होती. शेजारच्या टाकीत सत्तरेक मासे होते. सगळे जिवंत, सगळे तजेलदार, सगळे सारखे. करायला गेले काय आणि झाले काय, असे नुसते म्हणून सुटण्यासारखे हे नव्हते. वीस वर्षांचे काम त्या पाण्यात माझ्यासमोर पोहत होते आणि मला ते ओळखता येत नव्हते.

मी मॅडमना सांगितले नाही. आपण गुपचूप शोधून काढू, मग सांगू, असे मनाला बजावले. साधा विचार केला असता तरी कळले असते: तीसेक माद्या, चाळीसेक नर, हजारावर जोड्या, आणि मादी अंडी घालणार आठवड्या-दहा दिवसांतून एकदा. दहा-बारा पेट्या घेऊन मी सात महिने जोड्या लावत होते. या काळात चार-पाच वेळा सांगलीला गेले. मॅडम विचारत, "मासे बरे आहेत?" मी म्हणे, "बरे आहेत, मॅडम." शब्दाने ते खोटे नव्हते. ज्यांनी मला न दिसलेली वाहिनी काढू दिली नाही, त्यांच्या समोर बसून, त्यांना माझे तोंड दिसत नाही याचा फायदा घेऊन, मी हे बोलत होते. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी चुकीचीही वाटत नाही.

समितीचे पत्र आले त्या रविवारी मी सांगलीला गेले. मॅडम शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले: हीटर, गार पाणी, जाळे, शेजारची टाकी, सात महिने. त्या शेंगा सोलत राहिल्या. मग विचारले, "जगले का नऊही?"

"त्या दिवशी जगले. नंतर टाकीतले तेरा गेले. त्यांत कोण होते माहीत नाही."

मग त्या म्हणाल्या, "जीव जाताना बघून मीपण तेच केलं असतं." आणि पुढची शेंग फोडत, "न्हाई. मी चिठ्ठी वाचली असती."

मी मान खाली घातली.

"बादली नव्हती का गं तिथं?"

"होती, मॅडम."

कोपऱ्यातच होती. कोमट पाणी भरून त्या नऊ माशांना बादलीत ठेवायचे एवढेच करायला हवे होते. मॅडमनी शेंगांची परात बाजूला सरकवली, तोंडावर पदर घेतला आणि रडल्या. मी त्यांना अठ्ठावीस वर्षे ओळखते. निवृत्तीच्या दिवशी, खोली सोडताना, डोळ्यात सुई जाताना त्या रडल्या नव्हत्या. मला पाय धरावेसे वाटले, पण तेवढेही धैर्य झाले नाही.

तासाभराने तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "जोडीजोडीनं काय लावालीस? असं शंभर वर्षांत व्हायचं नाही. एका मादीला पाच-पाच नर दे. पिल्लं जास्त बघावी लागतील, पण आठ खेपांत मादी पारखून होईल." सात महिने डोके फोडून मला हे सुचले नव्हते. चार दिवसांनी भाच्याला घेऊन त्या साताऱ्याला माझ्या घरी राहायला आल्या. संध्याकाळी पेटीत मधला पडदा घालून नर-मादी वेगळे ठेवायचे, सकाळी दिवा लावून पडदा काढायचा, अंडी गोळा करायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक. मी बघायचे, त्या शेजारी स्टुलावर बसून विचारायच्या, "काय दिसालंय?" आणि मी एकेका पिल्लाचे सांगायचे. दोष सापडावा म्हणून रोज देवाला हात जोडणाऱ्या, निरोगी पिल्लू दिसले की खचणाऱ्या दोन बायका जगात दुसरीकडे कुठे असतील असे वाटत नाही.

पण मासे म्हातारे झाले होते. एकेक मादी अंडी घालायची थांबत गेली, काही मेल्या. एका सकाळी एका मादीने बऱ्याच दिवसांनी भरपूर अंडी घातली. ती चांगली मोठी, पोटाने भरलेली मादी, आणि का कोण जाणे, मॅडमना तिच्याबद्दल आशा वाटत होती. तिसऱ्या दिवशी मी पिल्ले काचेवर घेतली. पहिले नीट. दुसरे नीट. दहा, वीस, तीस. कोंब वर गेलेले, पाठीपाशी एकमेकांना मिळालेले, रक्ताचे लालसर कण एकामागे एक धावत होते. चाळिसाव्या पिल्लाला माझ्या मनात आले, की एखादे सापडले असे सांगावे. त्यांना कुठे दिसणार आहे! पंच्याहत्तराव्या वर्षी एवढे सुख दिले तर कोणाचे काय बिघडेल?

"काय दिसालंय?" मॅडमनी विचारले.

"सगळी नीट आहेत, मॅडम. एकूण एक नीट आहेत."

त्या उठल्या, चाचपडत सूक्ष्मदर्शकापाशी आल्या आणि म्हणाल्या, "दिवा बंद कर मग. ऊन लागतंय त्यांना." खुर्चीवर बसून त्यांनी मला ती पिल्ले परत पाण्यात सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला गेल्या.

आज माझ्याकडे थोडे नर आणि चार माद्या उरल्या आहेत. यातल्या एकीनेही अजून अंडी दिलेली नाहीत. त्यांचे वय पाहता देतील असे मला वाटत नाही, आणि दिली तरी ती मादी त्या नऊ माशांतली असेल असे मानायला काही आधार नाही. मॅडमनी ज्या दोषाचा शोध लावला तो आता कदाचित जगात कुठेच नाही. यंदा मी आमच्या ओढ्यावर जाऊन आले. जाळ्यात एकही मासा लागला नाही. वर कसलेसे काम निघाले आहे, पाणी गढूळ आणि साबणासारखे येते. हेही मी मॅडमना सांगितले आहे.

गौरवलेखाचा शेवट शुभेच्छांनी करावा असे समितीने सुचवले आहे. कर्तृत्वाचा वारसा पुढे चालू राहो वगैरे मला लिहिता येणार नाही, कारण तो वारसा माझ्या हातून गेला. मी एवढेच मागते, की मॅडमचे उरलेले दिसणे टिको, डोळ्यांतली इंजेक्शने कमी होवोत, गुडघे साथ देवोत आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. दर सोमवारी संध्याकाळी मी चारी माद्यांच्या पेट्यांत पडदे घालते. मंगळवारी सकाळी पडदे निघाले की साताऱ्यात माझा फोन वाजतो. "घातली का गं?" मी म्हणते, "नाही, मॅडम." त्या म्हणतात, "बरं. पुढच्या मंगळवारी बघू."

मॅडम, हा लेख कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही खूप जगा. मंगळवारी फोन करत राहा. टाकीत एकही मासा उरला नाही तरी करा. जे असेल तेच मी सांगेन.